टाकीतली खडकभिंत घरी घडवताना

खाऱ्या पाण्याची टाकी मांडताना माशांच्या आधी खडकाचा विचार करावा लागतो. गोड्या पाण्यातले दगड शोभेचे असतात. ते उचलून बाहेर ठेवले तरी फिल्टरचे काम चालू राहते. प्रवाळांच्या धर्तीवर मांडलेल्या टाकीत मात्र पाणी शुद्ध ठेवण्याचा मोठा भार खडकावरच असतो. त्याच्या छिद्रांत राहणारे जिवाणू माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून येणारा अमोनिया पचवतात, पृष्ठभागावर शैवाल धरते, कपारींत मासे रात्र काढतात. हाच खडक मागच्या काचेलगत वरपर्यंत चढवला की त्याची भिंत होते. पाइप आणि वायरी तिच्याआड जातात, माशांना वर-खाली फिरायला आडोसे मिळतात आणि समुद्रातल्या कड्याचा एक तुकडा घरात उभा राहतो.

अशी भिंत घरी करता येते का, कशाची करावी आणि ती किती वर्षे विश्वासाने चालते, यावर जगभरच्या हौशी मंडळींनी गेल्या काही दशकांत भरपूर प्रयोग केले आहेत. त्यांचे अनुभव एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. एकाची सिमेंटची भिंत वर्षानुवर्षे उत्तम चालते, दुसऱ्याच्या टाकीतले मासे आठवड्यात मरतात. एक जण फोमची शिफारस करतो, दुसरा तो खरवडून काढतो. या अनुभवांची कारणे तपासत गेले की साहित्यावरचा वाद मागे पडतो आणि दोन प्रश्न उरतात. भिंतीतून पाण्यात काय उतरते? आणि भिंतीच्या मागून पाणी फिरते का? या दोहोंची उत्तरे आधी ठरवली तर घरची भिंत उत्तम होते, आणि आपल्या देशात तर तोच सर्वांत योग्य मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

समुद्रातून खडक येत होता तेव्हा

इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली ‘ट्रॉपिकल फिश हॉबीस्ट’ या अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून जिवंत जीवजंतूंसह दगड आणायचे, भरपूर उजेड द्यायचा आणि हवेचे बुडबुडे सोडायचे, एवढीच त्यांची यंत्रणा. पुढे १९७० आणि ८०च्या दशकांत बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी तिला शिस्त आणली. लाइव्ह रॉक म्हणजे असा जीवजंतूंसह आणलेला खडक, पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा प्रोटीन स्किमर, प्रखर दिवे आणि कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी, या चौकडीला ‘बर्लिन पद्धत’ म्हणतात. १९९४ साली आलेल्या डेलबीक आणि स्प्रंग यांच्या ‘द रीफ ॲक्वेरियम’ या ग्रंथाने ती इंग्रजी वाचकांत रुजवली आणि लाइव्ह रॉकची मागणी झपाट्याने वाढली.

ही मागणी फिजी, टोंगा, इंडोनेशियासारख्या देशांच्या किनाऱ्यांवरून भागवली जाऊ लागली. प्रवाळांच्या मोडक्या सांगाड्यांचे, शैवालाने जोडलेले हे दगड तयार व्हायला फार मोठा काळ लागतो. पेटीत भरून पाठवायला एक दिवस पुरतो. त्यामुळे निर्बंध येत गेले. फ्लोरिडालगतच्या अमेरिकी संघराज्याच्या पाण्यातून नैसर्गिक लाइव्ह रॉक काढणे १९९७ पासून बंद झाले आणि परवानाधारक शेतकरी समुद्रतळावर साधा चुनखडक टाकून, त्यावर जीवसृष्टी वाढू देऊन तो विकू लागले. कठीण प्रवाळ वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो आणि लाइव्ह रॉकही त्यात येतो.

भारताचा कायदा याहून कडक आहे. २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. वाघाला मिळते त्या दर्जाचे हे संरक्षण आहे आणि ते वाळलेल्या सांगाड्यांनाही लागू होते. कच्छचे आणि मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार इथल्या प्रवाळांबरोबरच मालवणच्या खडकांवरचे आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवरचे प्रवाळही यात आले. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा टाकीत ठेवणेही म्हणूनच गैर आहे.

मन्नारच्या आखाताचा इतिहास इथे आठवायला हवा. तिथले प्रवाळ अनेक दशके खणून चुन्याच्या भट्ट्यांसाठी आणि सिमेंटसाठी नेले गेले. लाटांचा जोर अडवणारा खडक गेल्यावर बेटांची धूप वाढली. आता तुतुकुडीजवळच्या वान बेटालगत काँक्रीटचे कृत्रिम खडक सोडून लाटा रोखण्याचा आणि माशांना, प्रवाळांना आधार देण्याचा प्रयत्न झाला आहे. ज्या सिमेंटसाठी प्रवाळ जाळले, त्याच सिमेंटचे खडक करून समुद्राला परत द्यावे लागत आहेत. घरच्या टाकीसाठी खडक घडवणारा माणूस हाच विचार छोट्या प्रमाणात, पण नुकसान होण्याआधी अमलात आणतो.

खडकाकडून काय हवे

खडकाच्या बाहेरच्या, प्राणवायू भरपूर असलेल्या थरात जिवाणूंच्या दोन टोळ्या राहतात. एक अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. टाकीतले दुसरे काम नायट्रोबॅक्टर करतो असे पूर्वी सर्वत्र छापले जाई. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत दाखवले की तिथे प्रत्यक्षात नायट्रोस्पायरा गटाचे जिवाणू राबत असतात. खडकाच्या आत, जिथे प्राणवायू संपतो, तिथे आणखी वेगळे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नायट्रोजन वायू सोडतात. खडकाची खरी किंमत या आतल्या भागामुळे ठरते, आणि तिथवर पाणी झिरपायला छिद्रे एकमेकांना जोडलेली लागतात.

घरच्या भिंतीची पहिली कसोटी इथे लागते. इपॉक्सीचा जाड लेप दिलेला फोम कितीही हुबेहूब दिसला तरी जिवाणूंना फक्त वरचा पृष्ठभाग देतो. अशा भिंतीबरोबर तळाच्या दुसऱ्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, सिरॅमिकचे सच्छिद्र तुकडे किंवा टाकीत पुरेसे सुटे खडक ठेवावेच लागतात. सच्छिद्र सिमेंटची भिंत मात्र कामाचा मोठा वाटा स्वतः उचलते.

दगड आयते घेण्याचा मोह होतो, पण आपल्याकडचे दगड तपासून घ्यावे लागतात. सह्याद्रीचा काळा दगड पाण्यात फारसे काही सोडत नाही, परंतु तो घट्ट आणि जड आहे. जांभा सच्छिद्र दिसतो, पण लोहाने भरलेला आणि झिजणारा असल्याने या कामाला घेऊ नये. शहाबादी फरशी चुनखडकाची असली तरी तिच्यात पोकळी नाही. कठडे करायला ती चालेल, पाणी गाळायला नाही. रत्नागिरीकडच्या काही किनाऱ्यांची काळसर वाळू इल्मेनाइटसारख्या लोहयुक्त खनिजांची आहे, शिवाय किनाऱ्यावरची वाळू उचलण्यावर निर्बंध आहेत. त्यापेक्षा सिमेंटमध्ये मिसळायला कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो धुतलेला शिंपल्यांचा चुरा बरा.

सिमेंटचा खडक

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातील बॉइसी शहरातल्या ‘गार्फ’ या संस्थेने ‘ॲरागोक्रीट’ नावाने सिमेंटच्या खडकाची कृती लोकप्रिय केली. एक भाग पोर्टलंड सिमेंट आणि चार-पाच भाग ॲरागोनाइटची वाळू व प्रवाळ किंवा शिंपल्यांचा चुरा, असे तिचे मूळ रूप. नंतरच्या प्रयोगांत छिद्रांसाठी जाडे मीठ आले. एक भाग सिमेंट, दोन भाग चुरा आणि एक ते दोन भाग जाडे मीठ हे प्रमाण बऱ्यापैकी चालते. पाणी बेताचे घालावे. मूठ आवळली तर गोळा टिकला पाहिजे, बोटांतून पाणी गळता कामा नये. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात माल थापला की कडा अनियमित येतात. बोगद्यांसाठी पाइपचे तुकडे रोवून नंतर काढून घेता येतात. पुढे पाण्यात मीठ विरघळते आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. आधारासाठी लोखंडी सळई किंवा तार कधीही घालू नये, कारण खाऱ्या पाण्यात ती गंजते आणि फुगून खडक फोडते.

सिमेंट कोणते, यावर बराच खल होतो. पांढऱ्या सिमेंटमध्ये लोह कमी असते आणि रंगही उजळ येतो. आपल्याकडे सर्वत्र मिळणाऱ्या पोर्टलंड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते. ही राख सिमेंटमधला मोकळा चुना हळूहळू वापरून टाकते, हा फायदा. पण तिच्यात कोणते धातू किती, ते पोत्यावर लिहिलेले नसते. म्हणून साधे पोर्टलंड सिमेंट (ओपीसी) किंवा पांढरे सिमेंट घ्यावे. वॉटरप्रूफिंगची रसायने मिसळलेले सिमेंट आणि भिंतीची पुट्टी दोन्ही टाळावीत. ओले सिमेंट त्वचा भाजते, त्यामुळे रबरी हातमोजे आणि धुळीसाठी मास्क लागतोच.

आता या पद्धतीचा कळीचा भाग. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना बळकटी देणाऱ्या सिलिकेटबरोबर कॅल्शियम हायड्रॉक्साइडही तयार होते. घट्ट झालेल्या सिमेंटच्या लगद्यात त्याचे प्रमाण साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतके असते. हे द्रव्य म्हणजे विझवलेला चुना. बर्लिन पद्धतीत निवळी म्हणून थेंबाथेंबाने देतात तोच हा चुना, पण नव्या खडकातून तो बेहिशेब सुटतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३, तर ताज्या सिमेंटच्या छिद्रांतल्या पाण्याचा १२.५ च्या वर. हे मोजमाप दहाच्या पटीत चढते, म्हणजे क्षारता दहा हजार पटींहून अधिक. पीएच चढला की पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साका होऊन बसते, आणि निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियात बदलू लागते. सिमेंटमुळे आठवड्यात मासे मेल्याच्या हकिकतींच्या मुळाशी हेच असते.

यावर उपाय आहे, पण तो दोन वेगळ्या पायऱ्यांचा आहे आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली पायरी गवंडी ‘पाणी मारणे’ म्हणतात ती. खडक ओला ठेवायचा, म्हणजे सिमेंट पूर्ण घट्ट होते. २८ दिवस हे त्याचे मान्य माप. दुसरी पायरी चुना काढून टाकण्याची, म्हणजे खडक मुरवण्याची. खडक पिंपात बुडवून दर तीन-चार दिवसांनी पाणी पूर्ण बदलायचे. याला चार ते आठ आठवडे लागतात, जाड तुकड्यांना त्याहून जास्त. व्हिनेगरमध्ये बुडवल्याने काम लवकर होते असे सांगतात. ते वरचा थर तेवढा शमवते, आतला चुना नंतर बाहेर येतच राहतो. कृत्रिम समुद्री खडकांसाठीच्या ‘रीफ बॉल’सारख्या ठोकळ्यांत मायक्रोसिलिका मिसळतात ती याच कारणाने, ती मोकळ्या चुन्याला बांधून ठेवते आणि बळकटीही वाढवते.

शेवटची चाचणी कशी घ्यावी, इथेही चूक होते. नळाच्या पाण्यात थोडासा चुनाही पीएच पुष्कळ वाढवतो, तर वाहत्या पाण्यात काहीच कळत नाही. खडक ताज्या मिठाच्या, टाकीसारख्याच खारटपणाच्या पाण्यात, झाकलेल्या बादलीत दोन-तीन दिवस ठेवावा. खडक आणि पाणी यांचे प्रमाण टाकीत असेल तितके किंवा त्याहून कडक ठेवावे. पीएच ८.४ च्या आत राहिला, तरच खडक टाकीत जायला लायक.

फोमची भिंत

थर्माकोलचे किंवा घट्ट निळ्या-गुलाबी फोमचे पत्रे कोरून त्यांवर सिमेंटचे दोन-तीन हात देणे, किंवा पीयू (पॉलियुरेथेन) फोम फवारून तो ओला असतानाच त्यात दगडांचे तुकडे दाबणे, या दोन तऱ्हा सर्वाधिक पाहायला मिळतात. वजन कमी, कोरायला सोपे, कपारी आणि कठडे हवे तसे निघतात. तळ्यांसाठी बनवलेला काळा फोम मिळाला तर तो घ्यावा, कारण इमारतींच्या फोममध्ये कोणती पूरके आहेत हे कळत नाही. पीयू फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. एकदम जाड थर दिला तर आत कच्चा राहतो. फवारताना उघडी हवा, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. तापलेल्या तारेने थर्माकोल कापताना निघणारा धूरही नाकात जाऊ देऊ नये.

फोमचा खरा शत्रू त्याचाच हलकेपणा. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे ४५० लिटर पाणी बसते. तिच्या मागच्या काचेवर सरासरी तीन इंच जाडीची सलग फोमची भिंत केली तर ती सुमारे ५७ लिटर पाणी हटवते. तेवढ्या समुद्री पाण्याचे वजन ५८ किलो आणि फोमचे स्वतःचे जेमतेम दोन किलो. म्हणजे ही भिंत पंचावन्नेक किलोंच्या जोराने सतत वर येऊ पाहते. सिमेंटचा लेप तो जोर थोडा कमी करतो, घालवत नाही. सगळी मदार सिलिकॉनवर असते. म्हणून टाकी आडवी ठेवून, काच स्पिरिटने पुसून, बुरशीरोधक न घातलेले सिलिकॉन पूर्ण पृष्ठभागावर पसरावे, वजन ठेवावे आणि आठवडाभर हात लावू नये. ॲक्रिलिकच्या टाकीला सिलिकॉन भरवशाने चिकटत नाही; तिथे हा मार्ग सोडूनच द्यावा.

आणखी दोन अडचणी आहेत. समुद्री साळू, म्हणजे सी अर्चिन, लेप खरवडत आतल्या फोमपर्यंत पोहोचतात. आणि काचेला चिकटवलेली भिंत पुन्हा काढता येत नाही. तिच्या फटीत एप्टेशियासारखी त्रासदायक समुद्रफुले वाढली तर टाकी रिकामी करूनही पूर्ण सफाई होत नाही.

सांगाड्यावर टांगलेली भिंत

तिसरी रीत दिसायला कमी चमकदार, पण मला सर्वांत शहाणी वाटते. पीव्हीसी पाइपची चौकट करायची, तिच्यावर ट्यूबलाइटच्या पेटीला लावतात तशी प्लास्टिकची चौकोनी जाळी किंवा भोके पाडलेली ॲक्रिलिकची शीट बसवायची आणि आधीच मुरवून तयार ठेवलेले खडकाचे चपटे तुकडे नायलॉनच्या केबल टायने त्यावर बांधायचे. सांधे दोन भागांच्या इपॉक्सीने किंवा जेलसारख्या सुपरग्लूने झाकता येतात. भाजलेल्या, ग्लेझ न लावलेल्या मातीचे तुकडे वापरले तर चुन्याचा प्रश्नच येत नाही. भिंत तळावर उभी राहते, पाण्याने उचलली जात नाही, आणि गरज पडल्यास तुकड्या-तुकड्याने बाहेर काढता येते.

तिची किंमत जागेच्या रूपात मोजावी लागते. काच आणि चौकट यांत तीन इंच, वर खडक तीन इंच, म्हणजे दोन फूट रुंदीतला चौथा हिस्सा गेला. दीड फुटापेक्षा अरुंद टाकीत म्हणूनच अशी पूर्ण भिंत करू नये. एका कोपऱ्यात चढता खडक पुरे.

भिंतीमागचे पाणी

भिंत आणि काच यांच्यात पोकळी राहिली आणि तिथे पाणी फिरले नाही, तर माशांची विष्ठा आणि खाद्याचा गाळ साचतो. प्राणवायू संपल्यावर सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू. असा साठा एकदम हलला तर संपूर्ण टाकीला धोका असतो. तिथे शिरून मेलेला मासा तर दिसतही नाही. यावर दोनच सुरक्षित उत्तरे आहेत. एकतर भिंत काचेला पूर्ण चिकटवून मागे पोकळी ठेवूच नये, किंवा पोकळी इतकी मोठी ठेवावी की तिच्यात पंप बसेल, हात जाईल आणि पाणी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघेल. अर्धवट पोकळी सर्वांत वाईट. पंप मागे ठेवून पाणी भिंतीतल्या भोकांतून पुढे सोडले तर खडकातूनही प्रवाह जातो आणि आतले जिवाणू कामाला लागतात. हे भोकांचे मार्ग कागदावर काढल्याशिवाय सिमेंट कालवायला बसू नये.

भिंतीला जीव येताना

मुरवलेला खडक निर्जीवच असतो. अमोनियाचा थोडा पुरवठा करून जिवाणूंचे चक्र बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी आणि कायदेशीर टाकीतली मूठभर वाळू किंवा फिल्टरचा तुकडा मिळाला तर जिवाणूंची लागण लवकर होते. मग आधी तपकिरी डायटम येतात, पाठोपाठ हिरवे केसाळ शैवाल. या टप्प्यावर धीर सोडून अनेक जण भिंत घासू लागतात किंवा औषधे ओततात. फॉस्फेट आणि नायट्रेट आटोक्यात ठेवले, गोगलगायी सोडल्या, तर हा काळ सरतो. गुलाबी-जांभळे कोरलाइन शैवाल चढायला कित्येक महिने लागतात. त्यासाठी कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम आणि तापमान २५-२६ अंशांवर स्थिर असावे. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात हे चिलरविना जमत नाही, तेव्हा खर्चाचा अंदाज करताना चिलर आधी धरावा.

एक इशारा जिवाशी संबंधित आहे. परदेशातल्या मराठी घरांत जिवंत खडक किंवा झोअँथिड प्रवाळ कायदेशीरपणे मिळतात. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. असा खडक साफ करण्यासाठी उकळल्यामुळे वाफेतून अख्ख्या कुटुंबांना विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. खडक कधीही उकळू नये.

कोणती भिंत निवडावी

भारतात कठीण प्रवाळ घरच्या टाकीत नसावेत, त्यामुळे इथली भिंत कोरलाइन शैवाल, शेवंडी-झिंग्यांचे छोटे भाऊबंद आणि मासे यांच्यासाठी असते. क्लाउनफिशचे प्रजनन आपल्या देशातही होते, तेव्हा मासेही पैदास केंद्रातलेच घ्यावेत. अमेरिका-युरोपात राहणाऱ्यांना जमिनीवरून खणलेला कोरडा खडक आणि टाकीत वाढवलेली प्रवाळांची कलमे मिळतात. त्यांनी भिंतीवर कलमे लावायला कठडे ठेवावेत.

दोन फूट किंवा अधिक रुंदीची टाकी आणि वाट पाहण्याची तयारी असेल, तर सच्छिद्र सिमेंटचे किंवा भाजलेल्या मातीचे तुकडे चौकटीवर टांगावेत. टाकी अरुंद आणि काचेची असेल, तर पातळ, पूर्ण चिकटवलेली फोमची भिंत चालेल, पण फिल्टरची सोय वेगळी करावी. सिमेंट मुरवायला तीन-चार महिने देता येणार नसतील, तर भिंतीचा विचार सध्या बाजूला ठेवून थोड्या सुट्या खडकांवर टाकी सुरू करावी. तीही उत्तम चालते. दरम्यान बाल्कनीतल्या पिंपात तुकडे मुरू द्यावेत. चौकटीवरची भिंत चालू टाकीतही एकेक तुकडा जोडत उभी करता येते, आणि प्रत्येक तुकडा बादलीतल्या चाचणीत पास झाल्यावरच आत गेला की माशांना तिचा धोका राहत नाही.